नसीमची पात

"बांध लवकर, उत्तमराव खालीच हाय," असं म्हणत नसीमबानोनं कमरेचा पट्टा सोडून सुंदराबाईच्या हातात कोंबला.

सुंदराबाईनं डोक्यावरचं घमेलं खाली ठेवलं. लुगड्यावर घातलेल्या पुरुषी सदऱ्याची खालची बटणं काढली, स्वतःच्या पट्ट्यावर नसीमचा पट्टा आवळला आणि बटणं परत लावली. सदरा श्रावणचा, तिच्या नवऱ्याचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कापड चांगलं होतं, आणि इमारतीवर काम करणाऱ्या सगळ्याच बाया लुगड्यावर असा सदरा चढवतात. सिमेंटपासून लुगडं वाचतं. त्या उन्हाळ्यात सदऱ्याचा आणखी एक उपयोग निघाला होता. त्याखाली दोन पट्टे झाकून जात.

"जाय आता. नमाज पढ, जराक पड," ती म्हणाली. "माहं ध्यान हाय."

"उठवजो मले. झोप लागली त."

"हाव वं. जाय ना बाई तू."

नसीम भिंतीला हात लावत जिना उतरून गेली. त्या वर्षी रमजान मे महिन्यात आला होता, आणि अमरावतीचा मे महिना म्हणजे काय हे अमरावतीकरांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. पहाटे खाल्लेल्या दोन घासांवर नसीम सकाळभर विटा वाहायची. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, वेळेला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागायची. सिमेंटच्या गोदामामागे थोडी सावली होती. तिथे ओढणी अंथरून ती नमाज पढायची आणि थोडा वेळ आडवी व्हायची. तेवढा वेळ तिचा पट्टा सुंदराबाईच्या कमरेवर तिसऱ्या मजल्यावर चालत असायचा.

पट्टे आले होते होळीनंतर. बडनेरा रोडवर मुलींच्या वसतिगृहाची ही इमारत उठत होती, काम नागपूरच्या एका कंपनीकडे होतं आणि कंपनीला कामगारांच्या जिवाची काळजी वाटायला लागली होती. पट्ट्यावर काडेपेटीएवढी काळी डबी, डबीवर हिरवा दिवा. माणूस वाकडा वाकला की डबी थरथरायची. माणूस पडला की भोंगा वाजायचा. गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये रश्मी मॅडम बसायच्या, त्यांच्या स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावाचा एक ठिपका होता. चालता माणूस हिरवा, बसलेला पिवळा, पडलेला लाल. कोण कोणत्या मजल्यावर आहे तेही कळायचं.

लाल ठिपक्यासाठी केलेला हा सगळा खटाटोप. पण मुकादम उत्तमरावाला त्यातला पिवळाच रंग आवडला. कोण बसलंय हे आता त्याला जिने न चढता कळायचं. "काय वं, पिवयी झाली तू! उठ!" असं तो खालूनच ओरडायचा. मग बाया पट्ट्याला लोढणं म्हणायला लागल्या. मिस्त्री लोकांनी तर पट्टा मिक्सरला बांधून पाहिला. मिक्सर दिवसभर हिरवा राहिला म्हणून सगळे हसले आणि एकाची अर्ध्या दिवसाची हजेरी गेली.

पट्टा मनापासून आवडलेली माणसं त्या इमारतीवर दोनच होती, एक रश्मी मॅडम आणि दुसरी सुंदराबाई. सुंदराबाई अकोल्याला एका इमारतीच्या रॅम्पवरून पडली होती, तेव्हा ती ऐन उमेदीत होती. डावा पाय मांडीजवळ मोडला. ठेकेदार म्हणाला, ही बाई त्या दिवशी कामावर आलीच नव्हती, घरी पडली असेल. बघणारे होते, पण त्यांनाही दुसऱ्या दिवशी कामाला जायचं होतं. गावातल्या हाडवैद्यानं कामट्या बांधल्या आणि हाड जसं जमेल तसं जुळून आलं. पाय वाकडा राहिला त्याचं तिला इतकं वाटलं नाही. आपण घरी पडलो असं ठरलं, हे तिच्या मनाला लागलं. म्हणून रश्मी मॅडमनी पहिल्या दिवशी जेव्हा समजावून सांगितलं की तुम्ही इथं होता, चालत होता, हे या डबीत राहतं, तेव्हा सुंदराबाईनं डबीवरून पदर फिरवून धूळ पुसली होती.

मग तिनंच दुसऱ्या बाईचा पट्टा कमरेला का बांधला? तिला विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. शेतात तण काढायला, निंदणाला, बाया ओळीनं बसतात तेव्हा प्रत्येकीची एक पात असते. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत, तिच्या वाट्याच्या दोन-तीन ओळी. एखादी मागं पडली, पोटात दुखलं, लेकरू रडायला लागलं, तर जिची पात आधी संपते ती समोरून वळते आणि मागं राहिलेलीची पात काढत येते. मध्ये कुठंतरी दोघी भेटतात. यात उपकार नसतो. उपकार म्हणून कुणी बोलून दाखवलाच तर बाकीच्या बाया तिच्याशी आठ दिवस बोलत नाहीत. सुंदराबाई आणि नसीम एकाच गावच्या, बडनेऱ्याच्या पलीकडच्या. नसीमचं घर पिंजाऱ्याचं. नवरा होता तोवर गावभरच्या गाद्या भरल्या, तो गेला आणि लोक तयार गाद्या घ्यायला लागले, तेव्हा तीही निंदणाला यायला लागली आणि सुंदराबाईच्या शेजारची पात धरून बसायला लागली. पुढे एका साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, पुढच्या साली पावसानं दडी मारली, आणि निंदायला बोलावणारे लोक स्वतःच काम शोधत फिरायला लागले. मग या दोघी ऑटोत बसून इमारतींवर यायला लागल्या. इथं त्यांची जोडी लागली. एक थकली की दुसरी तिच्या खेपा घेई, पूर्वीसारखंच. आता खेपेबरोबर पट्टाही घ्यावा लागत होता, एवढाच फरक.

सुंदराबाईच्या पायाबद्दल मात्र इमारतीवर कुणाला माहीत नव्हतं. डोक्यावर वजन असलं की ती सरळ चालायची. वजन उतरलं की डावा पाय आत वळायचा आणि कंबर एका बाजूला खाली जायची. सकाळी गेटवर उत्तमराव माणसं निवडायचा, तेव्हा ती दात आवळून, ताठ, इतकी सरळ चालत यायची की घाम फुटायचा. रिकामं उतरताना ती सगळ्यांच्या मागं राहायची. डबीला मात्र मागं-पुढं कळत नव्हतं. एप्रिलमध्येच रश्मी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं.

"मावशी, तुमचा डावा पाय अधू आहे का? रिकाम्या उतरता तेव्हा स्क्रीनवर तुमच्या चालीची रेघ वाकडी येते. दर पावलाला."

सुंदराबाईनं मागे वळून दार लोटून घेतलं. "तू बडनेऱ्याची ना माय? आपल्यातलीच हायस. कोनाले सांगू नको. लंगड्या बाईले वर कोन चढू देते?"

"अहो, पण ते तुमच्यासाठीच—"

"माह्यासाठीच नको सांगू."

रश्मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. हे नागपूरला कळवणं तिचं काम होतं. तिनं कळवलं नाही, आणि तेव्हापासून सुंदराबाई दिसली की ती उगाच हेल्मेटचा पट्टा नीट करायला सांगायची.

त्या दिवशी, म्हणजे नसीम जिना उतरून गेली त्या दिवशी, उत्तमराव नेमका तिसऱ्या मजल्यावर आला आणि तिथेच ठाण मांडून बसला. दुसऱ्या दिवशी गवंडी लागणार होते, विटा संध्याकाळपर्यंत वर पोचायला हव्या होत्या. सुंदराबाईला नसीमला उठवायला खाली जाता येईना. तिनं नसीमच्या वाटच्याही खेपा घेतल्या. मध्ये एकदा वाटलं, आज बाई बरीच झोपली. मग वाटलं, झोपू दे, तेवढंच. ऊन कललं तरी नसीम आली नाही. सुटी झाली. आता तिला बिचारीला कशाला केबिनपर्यंत यायला लावायचं, असा विचार करून सुंदराबाईनं गर्दीत दोन्ही पट्टे काढले आणि दोन्ही आपापल्या खिळ्याला अडकवले. स्क्रीनवरचे दोन हिरवे ठिपके दिवसभर काम करून विझले.

गोदामामागे ओढणी अंथरलेली होती. नसीम नव्हती. सुंदराबाई गेटवर आली. कामावर मोबाइल न्यायला बंदी होती, सगळ्यांचे मोबाइल चौकीदाराकडच्या डब्यात असायचे. बाकीच्यांनी आपापले नेले होते. डब्यात एकच उरला होता, मागे कापसाच्या बोंडाचं चित्र चिकटवलेला, नसीमचा.

"थे गेली नाई," सुंदराबाई चौकीदाराला म्हणाली. "आतच हाय थे."

ती परत फिरली. कुणी बघत नव्हतं, म्हणून ती तिच्या खऱ्या चालीनं धावली. मागच्या जिन्याला अजून कठडा नव्हता आणि पहिल्या मजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यावरून जायला एक फळी टाकलेली होती. फळी एका बाजूला सरकली होती. तिनं वाकून खाली पाहिलं.

नसीम खड्ड्याच्या तळाशी पडली होती. दुपारीच पडली होती. उठून पाहते तो उत्तमराव पुढच्या जिन्यानं वर जाताना दिसला, म्हणून ती पट्टा घ्यायला मागच्या जिन्यानं घाईनं निघाली होती. मिक्सरच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली नाही, आणि ज्या डबीनं भोंगा वाजवायचा ती डबी तिसऱ्या मजल्यावर विटा वाहत होती.

सुंदराबाई शिडीनं खाली उतरली. चौकीदारानं वरून पाण्याची बाटली टाकली. तिनं नसीमचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली तिच्या ओठांना लावली. नसीमनं तोंड बाजूला केलं.

"अजान झाली काय वं?"

"पी ना बाई पानी! मरून जाशीन!"

"झाली काय, थे सांग."

झाली नव्हती. दोघी त्या खड्ड्यात अजानची वाट बघत बसल्या. सुंदराबाईला रडू येत होतं आणि नसीमचा रागही येत होता. अजान ऐकू आली तेव्हा तिनं ओंजळीनं तिला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर न जाता सरकारी दवाखान्यात गेली. नसीमचा पोरगा नियाज ऑटो चालवायचा, तो बाहेरच्या ओट्यावर बसला होता.

"खाला, डाक्टर म्हन्ते खुब्याची हड्डी तुटली. ऑपरेशन लवकर झालं त अम्मी चालन. नाई त खाटेवरच. कंपनीचा इन्शुरन्स होता ना. उत्तमराव आले होते सकायी. म्हने, स्क्रीनवर अम्मी सुटीपर्यंत काम करून राह्यली होती. भोंगा वाजला नाई. सुटी झाल्यावर कुठी गेली, कुठी पडली, त्याची जिम्मेदारी कंपनीची नाई."

सुटी झाल्यावर पडली. घरी पडली. शब्द बदलले होते, बाकी सगळं अकोल्याचंच होतं, आणि या खेपेला ते खोटं सुंदराबाईनं स्वतःच्या कमरेला बांधून दिवसभर फिरवलं होतं.

आत नसीम छताकडे बघत पडली होती. पायाला वजन लावलं होतं.

"तू सांगतलं काहून नाई?" सुंदराबाई खाटेवर वाकून, दबक्या आवाजात म्हणाली. "पट्टा माह्याजवय होता म्हनून?"

"सांगून काय होते? तुहं काम जाइन."

"जाऊ दे ना मंग!"

"माहा पाय त गेलाच," नसीम म्हणाली. "तुहं काहून घालवू?"

"माह्यावर उपकार करते काय तू?" सुंदराबाईचा आवाज एवढा चढला की शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "कवापासून लागली तू उपकार करायले?"

नसीमनं तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात जात होतं. सुंदराबाईनं ते पदरानं पुसलं. पदर खरखरीत होता, सिमेंटचा. "पडून राह्य," ती म्हणाली. "मी पाहते काय करायचं थे."

दवाखान्यातून ती बस पकडून थेट इमारतीवर आली. गेटवर उत्तमराव उभा होता. तो मनानं वाईट होता असं नाही. तोही शेती सोडून आलेला, घरी दोन पोरी लग्नाच्या. पण आज त्यानं हात आडवा केला.

"आज खाडा तुहा. उद्या ये."

"मॅडमले भेटायचं हाय."

"काहून?"

"नसीमचा पट्टा माह्या कमरेले होता. दुपारपासून."

उत्तमरावानं इकडेतिकडे पाहिलं आणि तिला बाजूला घेतलं. "मले समजतच नाई काय? पन आयक. तू बोलली त पह्यले तुले काढतीन. मंग मले इचारतीन, दोन पट्टे लावले तवा तू काय करत होता. मले बी पोट हाय. पिवया दिसला कोनी की वरून मलेच फोन येते ना बाप्पा."

"तुमचं मी नाव नाई घेत."

"मंग गप राह्य ना! तुहं काय गेलं? दुसरीकडं तुले कोन घेइन या वयात?"

"कोनी नाई घेनार," सुंदराबाई म्हणाली. "सरका."

तो सरकला.

केबिनमध्ये रश्मी एकटीच होती. कंपनीचे साहेब नागपूरहून यायचे होते, अपघाताचा कागद पुरा करायला. टेबलावर चहा तसाच पडून थंड झाला होता. सुंदराबाई बोलायला लागण्याआधीच तिनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"हे बघा मावशी. ही वरची रेघ तुमची, खालची नसीमखालांची. सकाळी खालांची रेघ सरळ आहे, रिकाम्या हातानं उतरतानाही. दुपारनंतर त्यांची रेघ तुमच्यासारखी वाकडी होते. दर पावलाला. मला काल संध्याकाळीच कळलं."

"मंग सांगतलं काहून नाई तू?"

"तुम्हीच म्हणाला होता ना, कुणाला सांगू नको."

सुंदराबाई खुर्चीवर बसली. या केबिनमध्ये ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होती. सगळे आपल्याला वाचवायला निघालेत, आणि त्यापायी नसीम खाटेला खिळणार आहे, हे तिला असह्य झालं. अकोल्याला खरं सांगायला कुणी नव्हतं. इथं तीन माणसांना खरं माहीत होतं आणि तिघंही गप्प होती, दोघी तर तिच्याच भल्यासाठी.

"आता सांग," ती म्हणाली. "माह्या समोर सांग."

साहेब दुपारी आले. पांढऱ्या हेल्मेटचे, शांत, घाई नसलेले. त्यांनी रश्मीचं सगळं ऐकून घेतलं, दोन्ही रेघा पाहिल्या, आणि चष्मा काढून पुसला.

"मिस, दोन बायका जोडीनं चालतात. पावलाला पाऊल लागतं. रेघा सारख्या येऊ शकतात," ते म्हणाले. "आणि वाकडी रेघ म्हणजे लंगडणारं माणूस, असं तुमचं म्हणणं. ही बाई कुठं लंगडते? मागच्या महिन्यात मी तिला डोक्यावर घमेलं घेऊन रॅम्प चढताना पाहिलंय. अगदी सरळ चालते. मैत्रिणीसाठी बोलतेय, चांगली गोष्ट आहे. पण मी कागदावर काय लिहू?"

"साहेब," सुंदराबाई दारातून म्हणाली. "मी सरय चालते थे खरं हाय. डोक्यावर वजन असलं की. रिकामी असली की नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे पट्टे द्या दोनी. अन् पाहा."

रश्मीनं तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात, मावशी नका, असं होतं. सुंदराबाईनं स्वतःच खिळ्यावरचे दोन्ही पट्टे काढले. आज तिनं सदरा घातला नव्हता. लुगड्यावर, सगळ्यांना दिसतील असे, तिनं ते एकावर एक बांधले. दोन हिरवे दिवे लागले.

पोर्चपासून विटांच्या रचून ठेवलेल्या चट्ट्यापर्यंत सपाट, मोकळी जागा होती. रश्मीनं लॅपटॉप आणून एका उलट्या ड्रमवर ठेवला. साहेब त्याच्यापाशी उभे राहिले. उत्तमराव लांब, मिक्सरजवळ उभा होता आणि बघायचं नाही असं ठरवून बघत होता. रॅम्पवरच्या बाया घमेली डोक्यावर तशीच धरून थांबल्या. मिस्त्रीनं मिक्सर बंद केला.

सुंदराबाई निघाली. पहिली दोन पावलं सवयीनं सरळ पडली. इतक्या वर्षांची सवय. मग ती थांबली, एक श्वास घेतला आणि दात सोडले. डावा पाय आत वळला, कंबर खाली गेली, खांदा झुकला. ती तशी चालली. रॅम्पवर कुणीतरी "अगं माय" म्हणालं. याच बाया तिच्या पुढून मागून वर्षभर चालल्या होत्या, आणि त्यांना हे माहीत नव्हतं. लाज तिच्या कानापर्यंत चढली, पण तिनं मान खाली घातली नाही. चट्ट्यापर्यंत गेली, वळली, परत आली.

साहेब तिच्याकडे बघत नव्हते, स्क्रीनकडे बघत होते. वर-खाली दोन रेघा पळत होत्या, सारख्याच वाकड्या, कालच्या दुपारसारख्या.

"कधीचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"अकोल्याचं. तवा म्हने मी घरी पडली."

साहेबांनी खिशातला पेन काढला, परत ठेवला, आणि रश्मीला म्हणाले, "लिहा. अपघात कामाच्या वेळेत, साइटवर. त्यांच्या मुलाला आजच कागद द्या. ऑपरेशन अडायला नको." मग ते सुंदराबाईकडे वळले. आवाज कठोर नव्हता. "बाई, तुम्हाला मात्र मी ठेवू शकत नाही. दोन पट्टे लावले, ते एक. आणि असा पाय घेऊन वर चढताना तुम्ही उद्या पडलात तर? पट्टे काढून द्या."

"हाव साहेब," सुंदराबाई म्हणाली. तिला हे सकाळपासून माहीत होतं. उद्या सकाळी गावातून ऑटो निघेल आणि त्यात तिची जागा नसेल. तिचा हात पट्ट्याच्या बकलाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"काढा ना मावशी," रश्मी हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "झालं आता. लिहिलं त्यांनी."

"माही पात झाली," सुंदराबाई म्हणाली. "नसीमची राह्यली अजून. थे काढून येते."

साहेबांना ते कळलं नाही. रॅम्पवरच्या बायांना कळलं. एकीनं डोक्यावरचं घमेलं उतरवून खाली ठेवलं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. स्क्रीनवर एकेक ठिपका पिवळा व्हायला लागला. मिक्सरजवळून उत्तमराव त्यांच्याकडे बघत होता. तो ओरडला नाही.

सुंदराबाई वळली आणि रिकाम्या हातांनी, लंगडत, पुन्हा विटांच्या चट्ट्याकडे चालू लागली.